अरण्यातली शांतता

"निसर्गाकडे जाताना माणसाने रिकाम्या हातांनी जावं," जनरेटर भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या रांगेत माझ्यापुढचा गृहस्थ म्हणाला.

"मग ती कॅम्पर व्हॅन काय दादा, डोक्यावरून नेणार आहेस?" त्याच्या बहिणीने विचारलं. त्यांचे वडील, अप्पा, मागे बाकावर बसले होते.

"व्हॅन वेगळी. पण अरण्यात जनरेटरची घरघर मला सहन होणार नाही."

"आणि अप्पांचं श्वासाचं मशीन? रात्री ते कशावर चालवायचं, तुझ्या विचारांवर?"

"अप्पांनी घरीच आराम करावा. त्यांना कशाला उगाच दगदग?"

"विचारलंस त्यांना? परवापासून बॅग भरून बसलेत ते!"

"झालं तुझं रडगाणं सुरू."

"रडगाणं कुठलं, मला तर हसू येतंय. घरात दिवसभर ढणाढणा टीव्ही लावणारा माणूस शांततेवर प्रवचन देतोय."

"घरची गोष्ट वेगळी. अरण्य म्हणजे साधना असते. अहो दुकानदार, त्या मोठ्या जनरेटरवर व्हॅनमधला एसी चालेल का?"

"चालेल की. एसी आणि वडिलांचं मशीन, दोन्ही आरामात चालतील."

"मग हे मघाशीच सांगायचं नाही का? द्या तोच. शेवटी वडिलांपेक्षा मोठं काय असतं?"

"एसी."

"तू गप्प बस गं."

"अप्पा, ऐकलंत ना? तुम्ही येताय आमच्याबरोबर."

"सगळं ऐकलं. आता कुणीतरी मला बाथरूमपर्यंत नेऊन सोडा, मघापासून कळ काढतोय."