सातवा आवाज

शरदचंद्र: पुढचं लिहा. "विहिरीच्या मालकाने सांगितल्याशिवाय मंडळाच्या एकाही सभासदाने विहिरीच्या काठाला पाय लावला नाही." झालं लिहून?

मुकुंद: नाही.

शरदचंद्र: मंग कधीचे नुसते दौतीकडे बघून काय राह्यलात? उद्या अकराला फौजदारापुढं जबाब आहे तुमचा. माझा नाही, तुमचा.

मुकुंद: वकीलसाहेब, तुम्ही त्या दिवशी वडीगोद्रीला नव्हतात.

शरदचंद्र: दुखऱ्या गुडघ्यानं वाचवलं मला. पण मंडळाचा अध्यक्ष मीच आहे, आणि चिटणीस तुम्ही. दगड शोधायच्या आपल्या सहलीत माणूस मेलाय, मुकुंदराव. पंधरा दिवस झाले आणि तुमच्या तोंडून अजून एक धड वाक्य निघत नाही.

मुकुंद: माणूस मेला, माणूस मेला काय म्हणता सारखं? कचरू मेलाय.

शरदचंद्र: बराबर. कचरू मेला. विहीर कुणाच्या शेतातली? त्याच्या थोरल्या भावाच्या, भुजंगच्या. सुरुंग ठासले कुणी? भुजंगनं. वाती पेटवल्या कुणी? भुजंगनं. आपले लोक कुठं होते? लांब बांधावर, बाभळीखाली. एक पोस्टमास्तर, एक कंपौंडर, तुम्ही शाळामास्तर आणि दोघं दुकानदार. हातात हातोड्या आणि पिशवीत दशम्या. ह्यात आपला कसूर काय?

मुकुंद: कोर्टात उभं राहिल्यासारखं नका बोलू.

शरदचंद्र: दुसरं काही येतच नाही मला. निजामाच्या राज्यात उर्दूत बोलायचो, आता मुंबई राज्यात मराठीत बोलतो, एवढाच फरक. मंडळाचा चौथा नियम म्हणा पाहू. तुम्हीच केलेला आहे.

मुकुंद: "सहलीच्या जागी तिथल्या माणसाचा शब्द अखेरचा."

शरदचंद्र: बिलकुल. तिथला माणूस भुजंग. त्यानं भावाला खाली जाऊ दिलं. मामला खतम.

मुकुंद: त्यानं जाऊ दिलं नाही.

शरदचंद्र: हळू बोला. पलीकडे वाचनालयात लोक बसलेत.

मुकुंद: बसू देत.

शरदचंद्र: हे बघा, तुमच्या जिवाला लागलंय ते मला दिसतं. पण आठ वर्षं घालवली आपण ह्या मंडळात. सुरुवातीला लोक हसायचे, रिकामटेकडे दगडं वेचत फिरतात म्हणून. आज कुठं विहिरीत गारेच्या स्फटिकांचा कप्पा लागला की शेतकरी आपल्याला कार्ड टाकतो, या म्हणतो, बघा म्हणतो. उद्या तुम्ही भलतंसलतं बोललात तर एक शेतकरी आपल्याला बांधावर उभं करणार नाही. शाळा तर तुम्हाला दुसऱ्या दिवशी घरी बसवील. तारावहिनींना सांगितलंय का हे?

मुकुंद: तिला सगळं सांगितलंय.

शरदचंद्र: काय म्हणाल्या?

मुकुंद: उठली आणि उद्यासाठी माझा सदरा धुऊन ठेवला.

(दारात पांढऱ्या कपाळाची एक बाई येऊन उभी राहते.)

झुंबरबाई: मुकुंद मास्तर इथंच असत्यात का?

मुकुंद: मीच. या, आत या. तुम्ही कोण?

झुंबरबाई: तुमी वळखत न्हाई मला. तुमी हिरीवर आल्ते तवा म्या घरी व्हते, तुमच्यासाठी पिठलं करून राह्यले व्हते. म्या कचरूची बायको, झुंबर.

शरदचंद्र: बाई, तुम्ही सुतकातून आत्ता उठलेल्या. इतक्या लांब जालन्याला यायला नको होतं.

झुंबरबाई: तेरावं परवा झालं. भाऊ आलाय न्यायला, बाहीर उभा हाय. उद्या लेकरं घिऊन कुंभार पिंपळगावला, माहेरी जायचं. जायच्या आधी फौजदाराफुडं अंगठा द्यायचाय.

शरदचंद्र: कशावर?

झुंबरबाई: दिरानं माझ्या मालकाला मारलं म्हून.

मुकुंद: असं कोण म्हणतं?

झुंबरबाई: गाव म्हणतंय. माझा भाऊ म्हणतोय. दिवाळीत दोघा भावात हिरीच्या वाट्यावरून बोलाचाली झाल्ती, ते काय झाकलेलं न्हाई. पन अंगठा द्यायच्या आधी मला एक इचारायचं हाय. दुसरं काय बी नको.

मुकुंद: विचारा.

झुंबरबाई: आमच्यात सुरुंग लावत्यात तवा जितकी भोकं तितके खडे मुठीत धरत्यात. एक बार उडाला की एक खडा टाकायचा. मूठ रिकामी झाली तर खाली उतरायचं. खडा राह्यला तर त्या दिशी हिरीकडं फिरकायचं न्हाई. हे लहान पोराला बी ठावं हाय. मंग मला सांगा, भावजींची मूठ रिकामी झाल्ती का न्हाई?

शरदचंद्र: हे तुम्ही त्यांनाच विचारा ना.

झुंबरबाई: इचारलं. तीन डाव इचारलं. गोठ्यात भिंतीकडं तोंड करून पडल्यात. माझी चूक, माझी चूक, एवढंच म्हणत्यात. कसली चूक, ते सांगत न्हाईत. म्हून तुमच्याकडं आले. आमचे मालक म्हणायचे, मास्तर समदं लिहितो, आभाळात घार फिरली तरी लिहितो.

शरदचंद्र: मुकुंदराव, जपून.

मुकुंद: मूठ रिकामी झाली नव्हती. सात सुरुंग होते. एक खडा हातात राहिला होता.

झुंबरबाई: राह्यला व्हता?

मुकुंद: हो.

झुंबरबाई: मंग गाव म्हणतंय ते खरं हाय. खडा हातात धरून सख्ख्या भावाला खाली सोडलं.

शरदचंद्र: तुम्ही विचारलं, त्यांनी सांगितलं. आता निघा तुम्ही. भाऊ खोळंबलाय बाहेर.

झुंबरबाई: निघते. बरं झालं, सांगितलं तुमी.

मुकुंद: बाई, थांबा.

शरदचंद्र: मुकुंदराव, पुरे.

मुकुंद: नाही पुरे. बाई, खाली बसा. भुजंगरावांनी मूठ उघडून मला दाखवली. म्हणाले, मास्तर, एक राह्यला, आज कुणी उतरायचं न्हाई, उद्या सकाळी बघू. आणि मी नाही म्हणालो.

झुंबरबाई: तुमी?

मुकुंद: मी घड्याळ घेऊन बसलो होतो. प्रत्येक आवाजाची वेळ वहीत लिहिली होती. सात आवाज, सात नोंदी. वही त्यांच्यापुढं धरली. म्हणालो, भुजंगराव, तुमचा एखादा खडा टाकायचा राहिला असेल, घड्याळ चुकत नसतं. आणि हसलो. सगळ्यांच्या देखत हसलो, बाई. कंपौंडरही हसला. भुजंगरावांना वाचता येत नाही, ते वहीकडं बघत राहिले.

झुंबरबाई: आन आमचे मालक?

मुकुंद: कचरू म्हणाला, दादा, मास्तरनं लिहिलंय, ते काय खोटं हाय का? आणि दोर धरला.

झुंबरबाई: एवढी काय घाई व्हती?

मुकुंद: घाई माझी होती. बाजूच्या भिंतीत गारांचा कप्पा उघडला होता. वरून दिसत होता, पांढरा, लखलखीत. चारची मोटार गाठायची होती. दुसऱ्या दिवशी शाळा होती माझी. आणि मंडळाची एक रीत आहे, दगड ज्याच्या हातानं निघाला त्याचं नाव मंडळाच्या कपाटात त्या दगडाच्या चिठ्ठीवर लिहायचं. मग तो कुणी का असेना. मीच कचरूला सांगितलं होतं.

झुंबरबाई: ते मला म्हाईत हाय. सकाळी निघताना म्हणले, झुंबरे, आज आपलं नाव जालन्यात लागून राह्यलंय. म्या म्हणलं, तुमास्नी वाचता तरी येतंय का. तर म्हणले, पोरगं वाचंल की.

शरदचंद्र: पाणी देऊ का, बाई?

झुंबरबाई: नको. मास्तर, बार सहाच उडाले तर तुमी सात कशे ऐकले?

मुकुंद: परवा मी एकटाच गेलो होतो तिथं. बांधावर त्याच बाभळीखाली उभा राहिलो आणि एक फटाका लावला. एकच. आवाज दोन आले. दुसरा समोरच्या जुन्या खदानीच्या कड्यावरून परत आला. त्या दिवशी एकामागून एक सुरुंग उडत होते, तेव्हा परत येणारे आवाज त्यांच्या धडाक्यात बुडून गेले. शेवटच्या सुरुंगानंतर सगळं शांत झालं, मग त्याचा परत आलेला आवाज वेगळा ऐकू आला. तो मी सातवा म्हणून लिहिला.

झुंबरबाई: म्हंजी हाळी दिल्यावर फिरून येती तशी?

मुकुंद: तशीच.

झुंबरबाई: ते तर ढोरं राखणाऱ्याला बी कळतंय.

मुकुंद: मी शाळेत शिकवतो ते. दर वर्षी शिकवतो. फळ्यावर कडा काढतो, माणूस काढतो, मोजायला लावतो पोरांना.

झुंबरबाई: मंग सातवा सुरुंग?

मुकुंद: तसाच भरलेला होता. कचरूनं कप्पा मोकळा करायला पहार मारली, ती त्या सुरुंगाला लागली.

झुंबरबाई: भावजी नको म्हणले, ते तुमच्या वहीत हाय का?

मुकुंद: नाही.

झुंबरबाई: का न्हाई? तुमी तर समदं लिहिता.

मुकुंद: मला ते लिहिण्यासारखं वाटलं नाही.

झुंबरबाई: लिहिण्यासारखं न्हाई वाटलं?

मुकुंद: माझं सात लिहून झालं होतं. त्यापुढं अडाणी माणसाचं काय लिहायचं, असं वाटलं. तुमच्यापासून काय लपवू. असंच वाटलं.

शरदचंद्र: बाई, हे सगळं मास्तर आत्ता मन खातंय म्हणून बोलतायत. पंधरा दिवस धड जेवलेले नाहीत, झोपलेले नाहीत. ह्यातलं कायद्यापुढं किती टिकेल—

झुंबरबाई: वकीलसाहेब, तुमचा कायदा तुमच्यापाशी ठेवा. मी कुणाला फाशी द्यायला आले न्हाई. पंधरा दिवस झाले, भावजींच्या फुडं मी भाकर सरकवली न्हाई. सासूनं ताट वाढलं तर म्या उचलून कुत्र्याला घातलं. परवा तेराव्याला माझा थोरला त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. पोराला काय कळतंय. म्या त्याला दंडाला धरून ओढला, आन समद्या गोताफुडं म्हणलं, बापाला खाल्लं त्याच्या मांडीवर बसतो का. भावजी तसेच उठून गोठ्यात गेले, ते बाहीर आले न्हाईत.

मुकुंद: त्यांनी सांगायला हवं होतं.

झुंबरबाई: काय सांगतील? हात धरून भावाला थांबवलं न्हाई, हेच त्यांच्या जिवाला खात असंल. धाकट्याला हातानं वाढवलंय त्यांनी. तुमी हसले म्हून गप बसले, हे ते कोनत्या तोंडानं सांगतील?

मुकुंद: मी उद्या फौजदारापुढं सगळं सांगतो. जसं झालं तसं लिहून देतो. खाली सही करतो.

झुंबरबाई: लिहू नका.

मुकुंद: का?

झुंबरबाई: तुमच्या लिहिण्यावर आता माझा इस्वास न्हाई. वडीगोद्रीला चला. आज, आत्ता. चावडीवर माणसं बोलवते, सासूला आणते, भावजींना गोठ्यातून उठवते. तिथं उभं राहून तोंडानं सांगा. खडा दाखवला ते सांगा, हसले ते बी सांगा.

शरदचंद्र: बाई, गाव पेटलेलं आहे. तिथं ह्यांच्या अंगावर हात टाकतील लोक.

झुंबरबाई: टाकतील. म्या आडवी येणार न्हाई.

शरदचंद्र: मुकुंदराव, अध्यक्ष म्हणून नाही, दोस्त म्हणून सांगतो. उद्या फौजदारापुढं खरं बोला, तुम्हाला बोलायचंच असेल तर. मी स्वतः बाजूला उभा राहतो. पण आज तिथं जाऊ नका. एकटे तर बिलकुल जाऊ नका.

मुकुंद: उद्यापर्यंत आणखी एक रात्र भुजंगराव गोठ्यात काढतील.

शरदचंद्र: आणि मंडळाचं काय?

मुकुंद: कपाटाला कुलूप लावा. आठवड्याच्या बैठकीला लोक येतील, त्यांना खरं सांगा. आणि त्या दिवसाच्या वहीवर तिथं होतो त्या पाचही जणांच्या सह्या आहेत, तेही सांगा. वाचून दाखवली तेव्हा एकाच्याही मनात आलं नाही की इथं भुजंगरावांचं बोलणं राहिलंय.

शरदचंद्र: कुणाच्या येणार? खरं सांगू का, गुडघा दुखत नसता तर मीही तिथं बाभळीखाली असतो. आणि मीही सातच मोजले असते.

मुकुंद: माहीत आहे मला.

शरदचंद्र: तारावहिनींना काय सांगू?

मुकुंद: सांगा, वडीगोद्रीला गेलाय. तिला कळेल.

झुंबरबाई: चला मंग. अंबडकडं जाणारी मोटार सुटल.

मुकुंद: चला. स्टँडवर मी जागा धरतो तुमच्यासाठी, तुमच्या भावासाठी आणि—

झुंबरबाई: आमची आमी धरू. तुमी फुडं बसा, मास्तर. आमी मागं बसतो. माझ्यानं तुमच्या शेजारी बसवणार न्हाई.