तारीख कळली की निगते

मंडळी, बसून घ्या. मागं बायामाणसं उभी आहेत, त्यांना आधी जागा द्या. मुंबईकर मंडळी रजा टाकून आलीत, म्हसळ्याहून आपले माजी सैनिक आलेत, अलिबागहून वकीलबाई आल्यात. वयनीच्या बाराव्याला एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. माझी निम्मी हयात परेडवर ओरडण्यात गेली, मला माईक लागत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण आज मध्येच थांबलो तर थांबू द्या. कुणी पाणी आणायला धावू नका.

आत्ता गुरुजी बोलले. चांगलं बोलले. म्हणाले, अनसूयाबाई फार सोशिक होत्या. नवरा गेला, एकुलता एक मुलगा गेला, पण कधी तोंडातून ब्र काढला नाही. गुरुजी, तुमचा मान राखून सांगतो, हे खोटं आहे. माझी वयनी सोशिक नव्हती. ती विचारत होती. रोज विचारत होती. आपण ऐकत नव्हतो. आणि सगळ्यांत जास्त ऐकलं नाही ते मी, तिच्या सख्ख्या दिरानं.

वयनीच्या फोटोशेजारी ही निळी पिशवी ठेवलीय. ओळखलीत ना? सगळ्यांनी ओळखली असणार. आपला निलेश सुट्टीवर यायचा तेव्हा ही खांद्याला असायची. निलेश गेल्यावर ती वयनीच्या दाराशी आली आणि दाराशीच राहिली. आत काय आहे ते कुणी कधी विचारलं? इस्त्रीचं एक लुगडं. चष्मा. आधार कार्ड. निलेशचा वर्दीतला फोटो. आणि एक डबा, भाजलेल्या पोह्यांचा. दर रविवारी जुने पोहे कोंबड्यांना घालायची आणि नवे भाजून भरायची. खवट होऊ नयेत म्हणून.

येताजाता आपण चिडवायचो. खोटं बोलू नका, मीही चिडवायचो. "काय वयनी, झाली का तयारी?" ती हसायची नाही. म्हणायची, "तारीख कळली की निगते."

कसली तारीख, ते मुंबईकरांना माहीत नसेल. सांगतो. सांगायलाच उभा राहिलोय.

वादळाच्या आदल्या वर्षी निलेश गेला. युनिटमध्ये गेला, लढाईत नाही. तुम्हाला गावात काय सांगितलं? ट्रेनिंगमध्ये उन्हानं चक्कर आली, पडला. कुणी सांगितलं? मी सांगितलं. पेटी आली तेव्हा अंघोळ घालायला मी होतो. त्याची पाठ मी पाहिली. मंडळी, मी बावीस वर्षं पलटणीत काढलीत. उन्हानं पडलेला माणूस कसा दिसतो ते मला माहीत आहे, आणि पट्ट्यानं मारलेला कसा दिसतो तेही माहीत आहे. वयनी दारातून बघत होती. म्हणाली, "भावजी, त्याच्या पाटीवर काय हाय?" मी चादर वर ओढली. म्हटलं, "काय न्हाय. प्रवासात लागलं आसंल."

काय न्हाय म्हटलं मी. माझ्या भावाच्या लेकराच्या पाठीवर वळ होते आणि मी काय न्हाय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. निलेशच्या युनिटचा साहेब होता, भला माणूस. म्हणाला, एका सीनियरनं हात उचललाय, चौकशी होईल, घरच्यांचं काही म्हणणं आहे का? पोलिसांत जायचंय का? बघा, विचारलं होतं त्यानं. कायद्यानं त्याला विचारायची गरज नव्हती. कुठल्या कोर्टात चालवायचं ते लष्करानं ठरवायचं असतं, घरच्यांनी नाही. तरी विचारलं. वयनी माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी छाती पुढं काढून उत्तर दिलं. "साहब, मामला अपने घर का है. पुलिस की क्या जरूरत?"

घरचा मामला! अरे, तिचं घर हे होतं. या गल्लीतलं, समोर चिंच असलेलं. मी कुठल्या घराबद्दल बोलत होतो?

फोन ठेवल्यावर वयनीनं विचारलं, काय म्हनले? मी म्हटलं, फौजेतला न्याय लवकर होतो, सिव्हिल कोर्टासारखं तारीख पे तारीख नाही. तू काळजी नको करू. ती म्हणाली, "बरं. पन मला तितं नेशाल ना? मी बोलनार न्हाय. नुसती बसंन." मी म्हटलं, नेईन की. तारीख कळली की नेतो.

त्याच दिवशी तिनं पिशवी भरली.

तारीख आली नाही. पावसाळा गेला, आली नाही. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं की कार्यवाही चालू आहे. पुढचा उन्हाळा गेला. मग वादळ आलं. तुम्हाला आठवतं ना, कौलं पत्त्यांसारखी उडत होती, माझ्या गोठ्याचं छप्पर सरपंचांच्या वाडीत जाऊन पडलं होतं. तेव्हा ही बाई घरातून काय घेऊन बाहेर पडली? दागिने नाही, देव नाही. पिशवी. पदरात गुंडाळून. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, "वयनी, आत्ता कोर्ट येतंय का वादळातनं?" ती म्हणाली, "तुमाला काय म्हाईत कवा येल."

आणि मग एक दिवस पाकीट आलं. इंग्रजीत. मी उघडलं, मीच वाचलं. कोर्ट मार्शल झालं होतं. होऊन आठ महिने झाले होते! साक्षी झाल्या, निकाल लागला, शिक्षा झाली. मारहाणीचा आरोप धरला, जीव घेतल्याचा धरला नाही. कैद सांगितली, मग वरच्या साहेबांकडे फाइल गेली आणि कैद कमी होऊन नुसता हुद्दा उतरवला. एवढं सगळं एका कागदावर, खाली सही.

वयनीनं विचारलं, कुठल्या दिवसांत चाललं होतं? कागदावर होतं. मी हिशोब केला. भाताची लावणी चालली होती त्या दिवसांत. माझ्याच खाचरात. वयनी चिखलात वाकलेली होती माझ्या मदतीला, आणि पिशवी? पिशवी बांधावर होती, वर प्लास्टिक झाकून. सगळ्या लावणीभर होती. तिकडे तिच्या पोराचं नाव पुकारलं जात होतं आणि इकडे ती माझी रोपं लावत होती.

तिनं काय म्हटलं माहीत आहे? रडली नाही. म्हणाली, "म्हंजे मी तयार व्हते, भावजी. तयार व्हते की वो मी."

तेव्हा कुणीतरी अलिबागच्या वकीलबाईंचं नाव सांगितलं. बाई, तुम्ही समोर बसलात, चुकलं तर टोका. बाई आल्या, वयनीच्या पडवीत पाटावर बसल्या, आणि समजावून सांगितलं. म्हणाल्या, लष्करी कोर्टाचं दार तसं उघडं असतं, कुणीही जाऊन बसू शकतं. पण घरच्यांना तारीख कळवलीच पाहिजे असं कायद्यात कुठं नाही. मग त्या उघड्या दाराचं काय करायचं? बाई पुढं म्हणाल्या, ज्याला शिक्षा झाली तो अर्ज करू शकतो. निकाल पक्का व्हायच्या आधी एकदा, नंतर एकदा, मग ट्रिब्युनलात. त्याची शिक्षा कमी करताना त्याचं म्हणणं वाचतात. तुमचं वाचत नाहीत. तुम्हाला विचारत नाहीत. तुम्हाला अपील नाही. साध्या कोर्टात खुनाचा खटला चालला असता आणि आरोपी सुटला असता, तर आईला अपील आहे. इथं नाही.

वयनीनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "म्हंजे ज्यानं मारलं त्याला तीनदा विचारनार, आन् जिचं पोर मारलं तिला येकदा बी न्हाय?" बाई म्हणाल्या, तसंच आहे आजी. वयनी म्हणाली, "मंग ह्यो कायदा कुनी लिवला? त्याला पोरं नव्हती का?"

मी तिथं होतो. खांबाला टेकून. आणि मला राग आला, मंडळी. कुणाचा? वयनीचा! फौजेच्या कायद्याला बोलते म्हणून. जरा विचार करा माझ्या अकलेचा.

बाईंनी हायकोर्टात अर्ज टाकला. मागणी काय होती? त्या माणसाला फाशी द्या? नाही. वयनीनं तसं लिहूच दिलं नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं: माझ्यासारखीला तारीख कळवा, बसू द्या, शिक्षा कमी करताना आमचं दोन शब्द ऐका, निकालाचा कागद आम्हाला कळेल अशा भाषेत द्या, आणि पटलं नाही तर वर जायची वाट ठेवा. हे लष्करी कायद्यात घाला. माझं झालं ते झालं, म्हणायची, पुढच्या बाईला नको.

बाई म्हणाल्या, एक कागद अजून लागेल. निलेशची पाठ कुणी पाहिली त्याचं प्रतिज्ञापत्र. ती पाठ जवळून मी एकट्यानंच पाहिली होती.

वयनी माझ्याकडे आली. कधी कुणाकडे काही मागितलं नाही त्या बाईनं, मीठ उसनं नेलं तरी संध्याकाळी परत आणून द्यायची. ती माझ्या अंगणात उभी राहिली. "भावजी, तेवडी सही कराल?" मी म्हटलं, "वयनी, मी पलटणीचं मीठ खाल्लंय. पलटणीविरुद्ध लिहून देणार नाही." ती म्हणाली, "पलटनीच्या विरुद न्हाय वो. निलेश बी पलटनीचाच व्हता." आणि गेली. पुन्हा मागितलं नाही. माझ्या घरी येणं सोडलं नाही, जेवायला घालणं सोडलं नाही, फक्त सही मागितली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी केली असती सही, वैतागून का होईना.

माजी सैनिकांनो, तुम्ही खाली का बघताय? वर बघा. मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय आहे. हवालदार आज फौजेवर बोलतोय. नाही बोलत. माझ्या ट्रंकेत अजून वर्दी आहे, इस्त्री करून. पण तुमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी एखादा पोरगा असा वळ घेऊन आलेला पाहिलाय आणि चादर वर ओढलीय. पाहिलाय की नाही? मग कायद्यात त्याच्या आईला जागा मागितली तर फौज बुडते का? आई खोलीत येऊन बसली म्हणून बुडेल अशी आपली फौज आहे का?

बाराव्याच्या दिवशी आवाज चढवू नये. माफ करा.

वयनी कशी गेली ते सांगतो आणि थांबतो. रविवार होता. मी पडवीत दाढी करत होतो, करपल्याचा वास आला. वयनीच्या हातून कधी काही करपत नाही. मी तसाच साबण लावलेला धावलो. चुलीवर कढई, कढईत पोहे काळे पडलेले, आणि वयनी चुलीसमोर आडवी. हातात उलथणं. डबा शेजारी, रिकामा, धुवून पुसून उपडा घातलेला.

मी पहिलं काय केलं? कढई उतरवली. कशाला, ते मला अजून कळत नाही.

वकीलबाईंनी आज मला एका बाजूला घेतलं. म्हणाल्या, अर्ज करणारी गेली. तिच्या जागी वारसानं ठरलेल्या दिवसांत नाव लावलं नाही तर अर्ज तिथंच संपतो. वारस कोण? मी. मी विचारलं, बाई, जिंकू का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. कायदा संसदेनं बदलायचा असतो, कोर्ट फार तर सांगू शकतं. किती वर्षं लागतील, माहीत नाही. मंडळी, मी बाहत्तर वर्षांचा आहे. मला आशा नाही. खोटं कशाला बोलू? रात्रंदिवस आशा शोधली तरी सापडत नाही. पण तिला तरी कुठं होती? तरी पोहे भाजायची ना?

कागद आणलाय बाईंनी. दोन आहेत. एक वारसाचा, आणि एक निलेशच्या पाठीचा. तोच जुना, फक्त तारीख बदललीय. सही मी तुमच्यासमोर करणार आहे. घरात केली तर उद्या मी शब्द फिरवीन. मला मी चांगला ओळखतो.

आता दोन मिनिटं उभे राहू या. तुम्ही उभे राहा, मी बसतो, बसल्याशिवाय मला सही जमत नाही. त्या दोन मिनिटांत कुणी डोळे मिटू नका. बघा. हवालदारानं सही केली हे बघा, आणि मी उद्या मागं सरलो तर तोंडावर सांगा.

वयनी, उद्या सकाळच्या एसटीनं मी निघतोय. तारीख कळली न्हाय अजून. तारखेची वाट बघत बसणार न्हाय, आधीच हायकोर्टात जाऊन बसतो. पिशवी घेतलीय. डब्यात पोहे भरलेत, सकाळी मीच भाजले. थोडे करपलेत, वयनी.

उभे राहा, मंडळी.