तेराशे चुका

लॅपटॉपची रजिस्ट्री साफ करून घ्यायला आलेल्या बालवाडीच्या बाई दुरुस्तीच्या दुकानात बसल्या होत्या. त्यांच्या पुढे काउंटरपाशी, दुरुस्तीवाल्यासमोर, एक सासरे आणि त्यांची सून उभी होती.

“बाबा, आता खरं काय ते सांगा यांना.”

“रजिस्ट्री साफ करायचा प्रोग्रॅम फुकट मिळाला हो. तेराशे चुका दाखवल्या त्यानं! एका दमात पुसल्या.”

“आजोबा, कुठला प्रोग्रॅम कुठं आहे त्याच्या नोंदी असतात रजिस्ट्रीत, त्याच पुसल्या गेल्या. आधी कॉम्प्युटर अडत होता का?”

“छे! मस्त पळत होता.”

“आता माझं भरतकामाचं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि परवा ऑर्डर द्यायचीय!”

“पुसण्याआधी बॅकअप घेऊ का, असं विचारलं असेल ना?”

“विचारलं. मी नको म्हटलं.”

“का?”

“अहो, कचऱ्याची कुणी प्रत काढून ठेवतं का?”

“माझ्या शिलाई मशीनचा पट्टाही यांनी असाच भंगारात घातला!”

“त्यावर कुठं नाव लिहिलं होतं, सूनबाई?”

“ठेवून जा, उद्या सकाळपर्यंत करतो काहीतरी. हं, बाई, तुमच्या लॅपटॉपला काय झालंय?”

बाईंनी लॅपटॉप पटकन पिशवीत सरकवला.

“याला? कुठं काय झालंय!”