सारांशातून गळालेलं वाक्य

...अहो, परक्यानं केलं असतं तर वहिनींनी झटकून टाकलं असतं, पण घात केला तो घरच्यानं, आमच्या सख्ख्या दादानं! तुम्हाला सांगतो, वहिनी हवामानाच्या शास्त्रज्ञ. जगभरचे शास्त्रज्ञ मिळून तो मोठा अहवाल लिहितात ना, त्यात समुद्राचं प्रकरण त्यांच्याकडे. नवं काही शोधायचं नाही हं, लोकांनी शोधलेलं सगळं वाचायचं, पारखायचं, आणि कशाची किती खात्री तेही लिहायचं. वर्षानुवर्षं! इकडे दूध उतू जातंय, वहिनी वाचतायत! शेवटी त्याचा सारांश करून सरकारांपुढे ठेवायचा, ओळ न् ओळ. एक देश अडला की ओळ अडली. सगळ्यांचं एकमत लागतं हो!

आणि आमच्या सरकारतर्फे कोण? दादा! खात्यात अधिकारी ना तो! बायको मंचावर, नवरा खाली देशाची पाटी घेऊन. बोलायचं असेल तर पाटी उभी करायची. वहिनींना वाटलं, चला, घरचं माणूस आहे! पडद्यावर वाक्य आलं, 'सखल किनाऱ्यावरच्या काही वस्त्या हलवाव्या लागतील, खात्री मोठी.' अहो, तशाच किनाऱ्यावर मी आणि आई राहतो, भरतीला मोरीतून पाणी वर येतं! ...आणि पाटी कुणाची उभी राहिली? दादाची! घसा खाकरून म्हणतो कसा, 'अध्यक्ष महोदय, आमच्या शिष्टमंडळाला या शब्दांबद्दल चिंता वाटते.' चिंता! जेवताना हेच वाक्य ऐकून 'वा, झकास जमलंय' म्हणाला होता हा!

वहिनी उठल्या. 'पुरावा आहे तोच आहे. शब्द मवाळ होणार नाहीत.'

दादा मान खाली घालून म्हणाला, 'मग एकमत नाही.'

झालं! वाक्य गळालं. मूळ अहवालात आहे म्हणे, आत कुठेतरी... पण तिथवर वाचतंय कोण? सगळ्यांचं एकमत लागतं हो!

बाहेर दादा कॉफी घेऊन आला. 'अगं, वरून आदेश होता.'

'मग आदल्या दिवशी मला सांगायला तोंड नव्हतं?' वहिनींनी कॉफीला हात लावला नाही. अजून धड बोलत नाहीत त्याच्याशी.

आणि परवा दादाचा मला फोन! 'आईला तिथून हलव. उंचावर जागा बघून ठेवलीय.'

'का रे? चिंता वाटत होती ना शब्दांची?'

'ते सरकारचं मत. आई माझी आहे!'

घ्या! आईला सांगितलं, तर म्हणते, 'सून काय म्हणते?'

'हलायला हवं.'

'आणि मुलगा?'

'तोही तेच.'

'अरे, मग भांडले कशावरून?'

आता तुम्हीच सांगा, काय समजावू तिला? ...बांधतोय आपला भांडीकुंडी!