तीन नंबरच्या टाकीतली चरबी

हॅलो?… हो, मावशीच बोलतेय. प्रयोगशाळेत दुसरं कोण असणार या वेळी… माशांपाशीच आहे. आत्ताच टेकले स्टुलावर, डबा खायला.

काय?… नीट बोल, धापा टाकू नकोस… हो, तीन वाजता सरांपुढे प्रयोगाचा निकाल घेऊन उभं राहायचंय तुला, महिनाभर तेच ऐकतेय… बरं… तीन नंबरच्या माशांत चरबी सापडली? दुप्पट?… मग चांगलंच की. बाळसं धरलंय त्यांनी.

चांगलं नाही?… अगं ऐक ना… हो, हो, सोयाबीनचंच खाणं त्यांना. एक आणि दोन नंबरला मासळीची पूड, तीनला आणि सहाला सोयाबीन. मला काय पाठ नाही होय?… काट्यावर मोजूनच घालते…

आणखी काही? म्हणजे?… खाणं म्हणून नाही हं… अंडं.

अगं, ओरडू नकोस… उकडलेलं. त्यातला नुसता बलक. पांढरं मी खाते, डॉक्टरने मला बलक बंद केलाय. टाकून का द्यायचा?… रोज. आठ आठवडे… अगं, शेजारचे गुटगुटीत होत चालले आणि हे तीन नंबरचे बिचारे तसेच. मी डबा उघडला की काचेला नाक लावून उभे. घास उतरेना माझ्या घशाखाली… माशांना नाक असतं की नाही ते नंतर सांग.

ए, रडू नकोस गं… दोन वर्षं घातलीस तू यात, मला दिसत नाही का? वाईट वाटतंय मला, खरंच… सरांना सांग, मावशीने माती खाल्ली. काढलं कामावरून तर काढलं. पण सोयाबीनने मासे भरले असं सांगू नकोस. ते माझ्या अंड्याचं आहे.

सहा नंबर?… छे. ती सगळ्यात वरच्या फळीवर. खाणं टाकायलाच स्टुलावर चढावं लागतं, गुडघे कुरकुरतात. बलकासाठी परत कोण चढतंय… एक कणसुद्धा नाही, तुझी शपथ… हो, ते बारीकच आहेत… म्हणजे, ती टाकी बिघडली म्हणून तू हिशेबातून गाळणार होतीस? कमाल आहे बाई तुझी. बिघडवली मी ती तीन नंबर. सहा नंबर तर सरळ आहे.

हसतेस की रडतेस, एक काहीतरी कर… मग तेच सांग. नुसत्या सोयाबीनवर कमी वाढतात. कमी तर कमी… एका टाकीवर भागणार नाही? मग पुन्हा करू. मी आहे की… ठेवलं तर.

आजचा?… नाही, अजून नाही टाकला. हातातच आहे… नाही टाकत गं, म्हटलं ना… सगळे जमलेत समोर. पाठ फिरवून मीच खाते आता. वाढली चरबी तर माझी वाढेल… आणि हे बघ, डॉक्टरला सांगू नकोस. ठेवते.