दोरी तीच, मग जागा?

(शाळा सुटली आहे. रिकाम्या वर्गात बाप-लेक जमिनीवर पसरलेली बाटल्यांची झाकणं डब्यात भरताहेत.)

लेक : ...पण एक शब्दही बोलणार नाही, असं कबूल करून मागच्या बाकावर बसला होतात ना, बाबा?

बाबा : बसलो होतो की! चांगला अर्धा तास तोंडाला कुलूप.

लेक : आणि मग भर वर्गात “चूक! साफ चूक!” रेकॉर्डिंगमध्ये खणखणीत आलंय. प्रबंधात काय लिहू आता? निवृत्त मुख्याध्यापकांना राहवलं नाही?

बाबा : लिही खुशाल. अगं, सगळा वर्ग छातीठोकपणे सांगतोय, आकार कसाही बदला, दोरी तीच, म्हणजे आतली जागाही तीच. आणि तू आपली मान डोलावतेस! माझा जीव नुसता खालीवर.

लेक : चुकताहेत हे मला दिसत होतं हो. पण मी सांगितलं असतं तर वहीत उतरवलं असतं नि विसरली असती. डोक्यात आधी काय धरून बसलीत ते बाहेर आलं, की मुलं स्वतःच ते मोडतात आणि नवं रचतात. माझं सगळं संशोधन त्यावरच तर चाललंय.

बाबा : तुझा तो ज्ञानरचनावाद. जेवताना रोज ऐकतो, पाठ झालाय मला.

लेक : चेष्टा पुरे. पालक म्हणतात, बाई शिकवत नाहीत, उलट पोरांनाच विचारतात. हा वर्ग माझ्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, ते मोठ्या बाई आज ठरवणार. वर्ग गेला की दोन वर्षांचं काम पाण्यात. आणि त्यांचा भरवसा फक्त तुमच्या शब्दावर.

बाबा : म्हणून तर मला बसवलं. सरक, त्या बाकाखाली अजून आहेत.

लेक : वाकू नका! गुडघे दुखतील.

बाबा : मघाशी वाकलो ते? तुझी ती दोन वेण्यांची पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “चूक कसं? दाखवा, आजोबा!” मला आजवर कुणी “दाखवा” म्हटलं नव्हतं. मी बोललो की विषय संपला.

लेक : कसले गोरेमोरे झालात!

बाबा : झालो ना. मग मारली फतकल. चौकोनी दोरीत झाकणं मांडली, छत्तीस. तीच दोरी लांबट केली, वीसच. म्हटलं, आता तरी पटेल. तर तो चष्मेवाला म्हणतो, तुम्ही नीट लावली नाहीत!

लेक : तो तसाच आहे. मलाही सोडत नाही.

बाबा : आणि मग त्या पोरीनं दोरी ओढून दोन्ही बाजू एकमेकींना चिकटवल्या. “आता एकही मावत नाही. दोरी तर तीच आहे!” आणि मग काय गलका झाला! अगं, जन्मभर क्षेत्रफळ शिकवलं, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. कुणी सांगितलेलं नाही, तिचं तिनं शोधलं. काटा आला अंगावर.

लेक : बाबा, मी मुलांना फाटकापर्यंत सोडायला गेले, तेव्हा तुम्ही मोठ्या बाईंच्या खोलीत होतात. काय बोललात?

बाबा : त्यांनी विचारलं, लेक म्हणून बाजू घेताय का?

लेक : मग?

बाबा : म्हटलं, लेक म्हणून बोलायचं असतं तर म्हणालो असतो, फार राबते हो, सांभाळून घ्या. मी शिक्षक म्हणून सांगतोय, वर्ग तिच्याकडेच राहू द्या.

लेक : आणि त्या?

बाबा : राहिला. वर्ष संपेपर्यंत तुझाच. पालकांशी त्या स्वतः बोलणार आहेत.

लेक : अहो बाबा! आणि हे आत्ता सांगताय? मी इथे जीव मुठीत धरून झाकणं वेचतेय!

बाबा : तू कधी उत्तर आधी सांगतेस का?

लेक : धन्य आहे तुमची! ...अजून काही म्हणालात?

बाबा : म्हणालो, या शाळेत मी कितीतरी शिक्षक नेमले. हिच्या तोडीचा एकही नव्हता. त्यात मीही आलो.