सॅक्सनीचं घासलेलं नाणं

प्रदर्शनात नाणी मांडायला आलेल्यांच्या रांगेत एका म्हाताऱ्या नवरा-बायकोची जुंपली, तशी रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका न्हाव्याने कान टवकारले.

"अगं, सॅक्सनीचं हे चांदीचं नाणं कुणी घासलं?"

"मीच. काळंठिक्कर पडलं होतं. चारचौघांत तसलंच मांडणार होतात?"

"तो काळेपणा दोनशे वर्षांचा होता! सॅक्सनी म्हणजे जर्मनी एक देश व्हायच्या आधीचं राज्य. जाणकार तो काळेपणाच बघतात. आता परीक्षक हसतील."

"मग हे घरी न्या. बव्हेरियाची, हॅम्बुर्गची मांडा."

"का म्हणून? जन्मभर या नाण्यांना सवत म्हणत आलीस, आज पहिल्यांदा हात लावलास."

"चुकलंच माझं."

"गप गं! हसतील त्यांचे दात दिसतील. हेच मधोमध मांडणार, आणि छाती ठोकून सांगणार, आमच्या हिने घासलंय!"